दुसरं कोकरू : जुळ्यांच्या कळपाच्या नोंदी

२८ सप्टेंबर

वही आजपासून सुरू. जागा माणदेशातली, पाऊस जेमतेम. खांडात चाळीसेक मेंढ्या, निम्म्या अस्सल दख्खनी आणि निम्म्या सुवर्णा जातीच्या मेंढ्याच्या लेकी, शिवाय चार शेळ्या.

गावात अजूनही लोक विचारतात, "जुळ्यांचा मेंढा आणलाय म्हणं, मग सगळ्यांना जुळी होणार का?" तसं नसतं. जुळं देणं मेंढीच्या अंगात असतं. मेंढ्याचा गुण त्याच्या लेकींत उतरतो आणि त्या विताना दिसतो. तीन वर्षांपूर्वी फलटणहून सुवर्णा जातीचा मेंढा आणला, त्याच्या लेकी आता विताहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल या बुटक्या मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत उतरवून ही जात तयार केली. जनुकाचं नाव फेक-बी. एक प्रत असली तरी मेंढी बऱ्याचदा दोन देते. दोन प्रती असल्या तर तिळ्यांचीही भीती. भीती अशासाठी की सड दोनच असतात.

आबांचं म्हणणं वेगळं. "एकाला दूध पुरंना अशा मुलखात दोन कशाला?" त्यांनी ऐन तारुण्यात दिवाळीनंतर कोकणात उतरून मृगाच्या आधी परत यायचं, असं आयुष्य काढलंय. वाटेवर जुळं म्हणजे खांद्यावर घेऊन चालायचं ओझं. त्यांचा प्रश्न खोटा नाही. या वहीत त्याचंच उत्तर काढायचंय: दुसरं कोकरू जगवायला काय लागतं आणि ते परवडतं का.

मृगात मेंढा सोडला होता. मेंढी साधारण १५० दिवसांनी विते, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे विणी. पोटातल्या कोकराची जवळपास ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. ते सहा आठवडे आता लागले. सगळ्या मेंढ्यांच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे हात फिरवून पाहिलं. लोकरीमुळे डोळ्यांना मेंढी गुबगुबीतच दिसते, हाताला मात्र कणा लागतो. ज्यांचा कणा टोचला त्या वेगळ्या काढल्या. त्यांना संध्याकाळी चरून आल्यावर मका भरडा, शेंगदाणा पेंड आणि गव्हाचा कोंडा मिळून ३०० ग्रॅम. बाकीच्यांना निम्मं.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालायचं नाही. त्यात तांबं जास्त असतं. ते मेंढीच्या यकृतात गुपचूप साठतं, मग एकदम रक्तात उतरतं, लघवी काळपट लाल होते आणि मेंढी जाते. दुकानदार म्हणतो "सगळं एकच असतंय". एकच नसतं. मेंढ्यांचं वेगळं मागायचं.

६ ऑक्टोबर

गाभण मेंढ्यांना आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची, लस टोचून घेतली. आबांनी विचारलं, कोकरांसाठीची लस आईला कशाला? मेंढीची वार अशी असते की आईच्या रक्तातली रोगप्रतिकारशक्ती पोटातल्या कोकराला मिळतच नाही. कोकरू जन्मतं तेव्हा या बाबतीत पार कोरं असतं. जे काही मिळतं ते चिकातून. विण्याच्या महिनाभर आधी आईला टोचलं की चिकात ती ताकद उतरते.

टोचताना मेंढ्या हळू धरल्या. लोकरीला धरून ओढायचं नाही, जबड्याखाली हात घालून थांबवायचं. गाभण मेंढी घाबरून दाटीत घुसली की गाभडण्याचा धोका.

२९ ऑक्टोबर

सुवर्णाच्या लेकींपैकी तांबडी काल संध्याकाळपासून खांडाच्या मागे राहते. भरड्याला तोंड लावत नाही, दात खाते, मान वर करून कुठंतरी बघत राहते. हात डोळ्यासमोर नेला तरी पापणी हलत नाही. तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास.

डॉक्टरांनी फोनवरच ओळखलं: पोटात दोन आहेत, त्यांनीच पोट भरलंय, त्यामुळे कोठ्याला, म्हणजे चारा पचवणाऱ्या पोटाला, जागा नाही. खाणं कमी पडलं आणि अंगातली चरबी वितळून तिचं विष रक्तात चढलं. येऊन शिरेतून ग्लुकोज दिलं. प्रॉपिलिन ग्लायकॉल सकाळ-संध्याकाळ ६० मिली तोंडाने पाजायला सांगितलं. आईने गुळाचं पाणी आधीच पाजलं होतं. डॉक्टर म्हणाले, वाईट नाही, पण गूळ कोठ्यातच कुजतो, रक्तापर्यंत फारसा पोचत नाही.

तांबडी आज दुपारी कडब्याची पानं चघळायला लागली. लवकर कळलं म्हणून. एकदा बसली की अशी मेंढी क्वचित उठते.

९ नोव्हेंबर

विणी सुरू. सामान पत्र्याच्या पेटीत: टिंक्चर आयोडीन, थर्मामीटर, मेडिकलमधून आणलेली लहान बाळाची फीडिंग ट्यूब, ५० मिलीची सिरिंज, स्वच्छ फडकी, ताणकाटा आणि झोळी.

दख्खनी काळीला रात्री एकच, नर, ३.१ किलो. उठून स्वतःच सड शोधला. आबांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. न बोलताच "हे बघ" म्हणाले.

१४ नोव्हेंबर

बांडी व्यायली. बांडी म्हणजे सुवर्णाची लेक, कळपातली सगळ्यात शहाणी आई. मागच्या वेताला दगडी (कासेचा दाह) होऊन तिचा डावा सड मेला. विकायची का, यावर घरात वाद झाला होता. मी ठेवली, कारण तिच्याइतकी कोकराला जपणारी दुसरी नाही.

पहाटे सहाच्या आधी आबांनी हाक मारली. पहिलं उभं, २.५ किलो, अंग चाटून कोरडं. दुसरं वाघरीच्या (मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या) कडेला ओलं पडलेलं, पिवळसर चिकट्यात, डोकं जमिनीला. बांडी पहिल्यात गुंतलेली. नर की मादी हे नंतर पाहिलं. मादी. वजन १.५ किलो.

नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. शिंकली. तोंडात बोट घातलं, आतून गार, आणि चोखायची हालचाल नाही. तोंड आतून गार लागलं की पुढचं काम घाईचं. थर्मामीटर गुदद्वारात: ३६.२ सेल्सियस. धड कोकराचं ३९ ते ४० असतं. ३७ च्या खाली म्हणजे जीव धोक्यात.

इथे एक फाटा आहे आणि तो माहीत असायलाच हवा. कोकरू ताजं, म्हणजे जन्मून पाच तास व्हायच्या आतलं असेल, तर अंगात जन्माची चरबी शिल्लक असते. त्याला आधी ऊब द्यायची, मग चीक. पाच तासांच्या वरचं, उपाशी आणि इतकं गार असेल, तर ती चरबी जळून गेलेली असते. त्याला नुसती ऊब दिली तर रक्तातली उरलीसुरली साखर संपून झटके येतात आणि ते शेगडीपाशीच मरतं. त्याला ऊब देण्याआधी कोमट ग्लुकोज पोटात टोचावं लागतं. ते डॉक्टरांचं काम, आपण शिकाऊ हाताने करायचं नाही. आमचं दोन तासांच्या आतलं होतं, कारण चार वाजता आबा उठले तेव्हा बांडी अजून व्यायची होती.

आधी कोरडं केलं. ओल्या अंगाला ऊब दिली तरी वाफेबरोबर निघून जाते. जुन्या घोंगडीने रगडलं, चांगलं जोरात. मग फळांच्या खोक्यात पेंढा, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून, वर शंभरचा बल्ब. बाटली अंगाला थेट लावली तर कातडी भाजते, गार पडलेल्या कोकराला ते कळतही नाही. आबा म्हणाले, "आमच्याकडं कुठला बल्ब? कोकणात उतरताना सदऱ्याच्या आत, छातीला लावून चालायचो." मी विचारलं, जगायची का? "जगायची ती जगायची." आकडा त्यांच्याकडे नाही, पण कोरडं करून अंगाशी धरायचं हे बरोबरच होतं.

पावणेसातला ३७.१. साडेसातला ३८.३. डोकं उचललं. तेव्हाच चीक द्यायचा, आधी नाही. मान धरता येत नसलेल्या कोकराच्या तोंडात काही ओतलं की ते फुप्फुसात जातं.

बांडीच्या उजव्या सडातून चीक काढला. पहिल्या पिळ्या जमिनीवर, सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते ती निघाली. चीक घट्ट, पिवळा. हिशोब किलोला ५० मिली एका वेळेला, म्हणजे ७५ मिली. २४ तासांत किलोला २०० मिली, म्हणजे ३००. चोवीस तासांनंतर आतड्याची दारं बंद होतात, मग चिकातली ताकद पचून जाते, रक्तात जात नाही. पहिले सहा तास सगळ्यात मोलाचे.

नळीचं तंत्र: नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी बाहेरून मोजून खूण करायची. कोकरू मांडीवर, मान सरळ, ताणायची नाही. नळी कोमट पाण्यात बुडवून जिभेच्या कडेने सोडायची, कोकरू गिळत गिळत ती आत घेतं. खूण ओठापाशी आली पाहिजे. ठसका लागला किंवा अर्ध्यावर अडली तर बाहेर काढून पुन्हा. सिरिंजचा दट्ट्या काढून नुसतं नरसाळ्यासारखं धरायचं आणि चीक आपल्या वजनाने उतरू द्यायचा. दाबून ढकलायचं नाही. बाहेर काढताना नळी चिमटीत दाबून, झटकन.

नाळेला आयोडीन, नुसता बोळा न फिरवता बाटलीचं तोंड पोटाला लावून पूर्ण बुडवली. नाळेतून शिरलेले जंतू आठवड्या-दोन आठवड्यांनी सांध्यात जातात, गुडघे सुजतात, आणि मग इंजेक्शनं देऊनही कोकरू लंगडंच राहतं.

रात्री बारापर्यंत ३०० मिली पूर्ण. पहिल्या भावाचा वाटा कमी पडू नये म्हणून शेवटचा डोस काल व्यायलेल्या तांबडीचा.

१५ नोव्हेंबर

काळी चिकट लेंडी पडली. म्हणजे आतडं चालू. अंगाचं तापमान ३९.२. आईने बोट दिलं तर चोखते. नळी बंद, बाटली सुरू.

१७ नोव्हेंबर

बांडीजवळ परत सोडून पाहिली. बांडी हुंगते, चाटते, नाकारत नाही. अडचण एका सडाची आहे. भाऊ धडक मारून सड घेतो आणि ही मेलेल्या सडाला ओढत बसते. पोट रिकामंच. म्हणून रात्री आईपाशी, वास आणि ऊब मिळण्यापुरती, आणि दूध आमच्या हाताने.

कुणाचं दूध, हा मोठा प्रश्न. मेंढीच्या दुधात साधारण ७ टक्के चरबी आणि साडेपाच टक्के प्रथिनं. गाईचं दूध तिच्यासाठी पातळ. म्हशीचं चरबीने जवळ जातं. पण आमच्याकडे याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे: शेळी. धनगराच्या खांडात चार-दोन शेळ्या का असतात, असं लोक विचारतात. घरच्या चहाला, हे एक उत्तर. पोरक्या कोकरांना पाजायला, हे दुसरं. आईने आमच्या मोरी शेळीचा पाय धरला, मी कोकरू लावलं. मोरीने दोन लाथा घातल्या, मग रवंथ करत उभी राहिली. शेळीचं दूध मेंढीपेक्षा पातळच, पण सडातून थेट, ताजं, अंगाच्या तापमानाचं आणि बाटली धुवायची कटकट नाही. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. एकदम पोटभर पाजलं की फुगते.

२७ नोव्हेंबर

कोकरांच्या कोपऱ्यात हगवण. तिघांना, त्यात हीसुद्धा. शेपटी पिवळी, कातडी चिमटीत धरली तर सावकाश खाली बसते. म्हणजे पाणी कमी झालंय. मीठ-साखरेचं पाणी दोन पाजण्यांच्या मध्ये, दूध चालूच. दूध पूर्ण तोडलं तर एवढुशा जिवाला ताकद कुठून येणार? डॉक्टरांनी लेंडीचा नमुना नेला, औषध त्यांच्याच सांगण्यावरून.

जागा बदलली. सगळी कोकरं दुसऱ्या बाजूला, कोरड्या मुरमावर. जुन्या जागेवर चुना मारला.

आबा यावर जे बोलले ते डॉक्टरांच्या बोलण्याइतकंच नोंदवण्यासारखं आहे. फिरस्तीवर वाघर रोज नव्या शेतात पडते. शेतकऱ्याला लेंडी खत मिळतं, म्हणून तो धान्य देतो, हे सगळे जाणतात. पण मेंढ्या कालच्या लेंडीवर आज झोपत नाहीत, हा त्यातला दुसरा फायदा. आम्ही एका जागी राहायला लागलो तेव्हा शाळा मिळाली, डॉक्टर मिळाला, लाइट मिळाली, आणि रोगही एका जागी राहायला लागला. आता कुडाच्या आत चार कप्पे आखून कोकरांची वाघर आठवड्याला सरकवायची, असं ठरलं.

२० डिसेंबर

वजनं. ही ४.१, भाऊ ६.३, काळीचा एकुलता नर साडेसातच्या पुढे. गावात येणारा जाणारा त्या नराला हात लावून जातो.

कोकरांसाठी वेगळा आडोसा केला. फळीत इतकीच फट की कोकरू जाईल, मेंढी नाही. आत लसूणघासाचा कोवळा पाला, शेवरी, मूठभर भरडा आणि स्वच्छ पाणी. दोन-तीन आठवड्यांचं झालं की कोकरू चघळायला लागतं आणि चघळण्यानेच कोठा तयार होतो. नुसत्या दुधावर ठेवलेलं दिसायला गुळगुळीत असतं, पण दूध तोडल्यावर कोसळतं. हिला खायला भावाने शिकवलं. तो जिथे तोंड घालेल तिथे ती.

थंडी चांगलीच पडलीय. रात्री कुडाच्या वाऱ्याच्या बाजूला बारदान. वरून मात्र उघडंच. पूर्ण बंद केलं की मुताच्या वासाने डोळे चुरचुरतात, आणि न्यूमोनिया थंडीपेक्षा कोंडल्या हवेने जास्त होतो.

८ जानेवारी

मावा आला. आधी दोन कोकरांच्या ओठांच्या कोपऱ्यात फोड, मग खपल्या, आता निम्म्या कोकरांना. हा विषाणूचा रोग, तीन-चार आठवड्यांत आपोआप बरा होतो. मरण येतं ते उपासमारीने, कारण दुखऱ्या तोंडाने चोखवत नाही. आणि दुखऱ्या तोंडाचं कोकरू सडाला लागलं की मेंढीच्या सडाला फोड, मग ती पाजू देत नाही, मग दगडी. बांडीकडे एकच सड आहे. त्याच्याकडे दिवसातून दोनदा बघतोय.

पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी, नंतर बोरोग्लिसरीन. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. त्या गळून जमिनीवर पडल्या तरी त्यात विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. माणसालाही होतो, बोटावर गळवासारखं येतं. हातमोजे घालूनच. आबा हातमोजे घालत नाहीत. आईने त्यांना कोकरांना हात लावायचाच नाही असं सांगून टाकलं, आणि या घरात तो आदेश चालतो.

हिच्यासाठी मऊ: भिजवलेला भरडा, कोवळा घास. शेळीला लावणं बंद, दूध वाटीतून. वाटीतून प्यायला तिला लगेच जमलं. नळी, बाटली, शेळी, वाटी असं सगळं पाहून झालेलं कोकरू आहे ते.

२ फेब्रुवारी

काळीचा नर गेला.

काल संध्याकाळी उड्या मारत होता. सकाळी कडेला पाय ताणून, मान मागे पडलेली, तोंडाला फेस, पोट टम्म. १३ किलोचा. शेजारच्या रानात ज्वारीची काढणी चालू आहे. परवापासून मेंढ्या त्या रानात चरतात आणि खाली पडलेली कणसं वेचतात. सगळ्यांत चपळ आणि खादाड तोच.

डॉक्टरांना बोलावून चिरफाड करून घेतली. मेलेलं जनावर पुरून टाकण्याची घाई सगळ्यांना असते, पण का मेलं हे कळल्याशिवाय पुढचं कसं वाचवणार? हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी, मूत्रपिंड बोटाखाली लोण्यासारखं मऊ, लघवीत साखर. आंत्रविषार. हे जंतू धडधाकट मेंढीच्या आतड्यातही थोडेफार असतात. एकदम पिठूळ खाणं पोटात गेलं की ते भसाभसा वाढतात आणि विष सोडतात. म्हणून हा रोग मरतुकड्याला धरत नाही, जे भरपूर खातं त्याला धरतो. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण या वयात ओसरतं. कोकरांची लस साधारण तीन ते चार महिन्यांची झाल्यावर असते, हा नर तिच्या उंबरठ्यावर होता.

डॉक्टरांनी उरलेल्या सगळ्या कोकरांना आजच टोचलं. दोन आठवड्यांनी पुन्हा. खड्डा खोल खणला, चुना टाकला.

काढणीच्या रानाचा नियम: सकाळी आधी कडबा घालायचा, पोट अर्धं भरलेलं असताना रानात सोडायचं, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं वाढवत. कणसं आधी माणसांनी वेचायची. शेजाऱ्याला त्यात फायदाच आहे, तो हसून तयार झाला.

आबा दिवसभर गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "ती दीड किलोची हाय नव्हं अजून?" आहे म्हटलं.

१७ फेब्रुवारी

दुसरा डोस. नवीन मृत्यू नाही.

२२ मार्च

पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूच्या रोगाची लस. चार महिन्यांवरची सगळी कोकरं. ही जिवंत लस आहे, बर्फातच आणायची, पातळ केल्यावर दोन-तीन तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. म्हणून कोणत्या बिल्ल्याला कधी टोचली हे वहीत पाहिजेच, नाहीतर दरवर्षी त्याच मेंढ्यांना टोचत बसतो आणि नवी कोकरं सुटतात.

पीपीआरच्या विषाणूचा मोठा भाऊ म्हणजे गाईगुरांची बुळकांडी. आजोबांच्या काळी या रोगाने दावणी रिकामी व्हायची. तो जगातून संपल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं, संपला तो लसीनेच. पीपीआर २०३० पर्यंत संपवायचं जागतिक उद्दिष्ट आहे. आमच्या गावात लस टोचून घ्यायला अजून निम्मी खांडं येत नाहीत. ताप येतो, गाभण मेंढी बिथरते, असं म्हणतात. आज टोचलेल्यांना संध्याकाळी थोडी सुस्ती होती, उद्या बघू.

जनावरांचा डॉक्टर लांब पडला तर १९६२ या नंबरला फोन करून फिरतं पथक बोलावता येतं. पेटीच्या झाकणावर नंबर रंगवून घेतला.

१९ एप्रिल

लोकर कातरली. व्यापारी विचारत नाही, घोंगडी विणणारे हात तालुक्यात मोजके उरले. कातरणावळ खिशातून. पण कातरल्यावर मेंढी खरी दिसते: कानामागे गोचीड, तीन मेंढ्यांचा कणा वर आलेला, एकीच्या खांद्यावर जुनी जखम. तिच्यासाठी हळद आणि कडुनिंबाचं तेल आईकडून, गोचिडांचं औषध डॉक्टरांकडून.

बांडीची कास दाबून पाहिली. उजवा सड मऊ, गाठ नाही.

३० मे

पावसाळ्याआधीची कामं. आंत्रविषाराची लस सगळ्यांना, कारण पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत हे ज्वारीच्या कणसांचंच काम करतं. खुरं कापली, १० टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यातून चालवलं.

जंताचं औषध यंदा सरसकट दिलं नाही. लेंडी तपासून घेतली आणि प्रत्येकीच्या खालच्या पापणीचा आतला रंग पाहिला. लाल-गुलाबी असेल तर सोडायचं, पांढुरकी दिसली तर पाजायचं. मेंढीचा वैरी म्हणजे चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा जंत. पापणी पांढरी पडते आणि पुढे जबड्याखाली पाणी उतरतं ते त्याच्यामुळे. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना तेच औषध पाजत राहिलं की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात. मग बाटली असते, उपयोग नसतो. सात जणींना पाजलं. वजन करून, अंदाजाने नाही. कमी डोस हा न दिल्यापेक्षा वाईट.

त्या सातांत ही नाही. पापणी लाल. वजन १४.८ किलो. तिचा भाऊ २०.५ ला मागच्या आठवड्याच्या बाजारात गेला.

७ जून

उद्या मृग. मेंढा सोडायचा.

हिला यंदा मेंढ्याला लावायचं नाही. आमच्या दख्खनी मेंढ्या २८-३० किलोच्या. पाठीचं, म्हणजे तरण्या मादीचं, त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे २० किलोच्या आसपास वजन झाल्याशिवाय गाभण ठेवली तर तिचीही वाढ खुंटते आणि कोकरूही दीड किलोचंच येतं. पुढच्या वर्षी बघू. बापाकडे जनुकाच्या दोन प्रती, बांडीकडे एक, म्हणजे हिच्यात एक नक्की आहे, दोन असण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासून घेणार. दोन निघाल्या तर तिला ठेवायची नाही असं माझं मत, कारण या मुलखात तिळी पोसणं आमच्या आवाक्यात नाही. आबा म्हणतात ठेवायचीच. ज्यांना मुळात जुळीच नको होती ते आता दोन प्रतींची वकिली करतात.

हिशोब मांडला. सुवर्णाच्या १७ लेकी व्यायल्या, २९ कोकरं झाली, तीन महिन्यांना २५ जिवंत. दख्खनी १९ व्यायल्या, १९ झाली, १७ जिवंत. शेवटच्या सहा आठवड्यांचा भरडा, शेळीचं दूध, लसी आणि औषधं वजा जाता जुळ्यांच्या बाजूला पैसे उरतात. घरच्या माणसांच्या रात्री धरल्या तर फरक बारीक होतो, आणि त्या धरायला हव्यात असं आई म्हणते. जी चार गेली त्यातली तीन दुसरी होती, जन्माला दोन किलोच्या आतली. त्या तिन्हींच्या आयांचा कणा सप्टेंबरमध्ये हाताला टोचत होता, ते वहीच्या पहिल्या पानावर आहे.

म्हणून पुढच्या विणीसाठी भरडा सप्टेंबरऐवजी ऑगस्टअखेर सुरू, आणि कणा टोचणाऱ्यांना ४०० ग्रॅम. मका आत्ताच स्वस्त आहे. चार पोती उद्या आणायची, आबांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलंय.